कोंबडा उलटला त्या दुपारी

आमचं घर अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या वसाहतीत. नवरा यंत्रमागावर, मी घरीच टॉवेलच्या कडा शिवते. मागच्या अंगणात सासूबाईंनी हौसेनं चार कोंबड्या आणि एक कोंबडा पाळलेला. कोंबडा तांबडा, लांब शेपटीचा. तो पिल्लू असताना त्याच्या आईला मांजरानं नेलं, तेव्हापासून सासूबाईंनी पदराखाली घेऊन त्याला वाढवला. दाणे टाकले की तो आधी कोंबड्यांना बोलवायचा आणि त्या खाईपर्यंत मान वर करून राखण करायचा.

"घरधनी असा असावा," सासूबाई म्हणायच्या.

"म्हंजे मी काय आधी जेवतो व्हय?" नवरा हसत विचारायचा.

उन्हाळ्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम निघालं. तोवर कोंबड्या तिथंच हिंडायच्या. आता त्यांना दिवसभर अंगणातल्या जाळीतच कोंडावं लागलं.

एका दुपारी मी मशिनवर बसले होते आणि मागून असा काही कलकलाट झाला, की मला वाटलं मुंगूस शिरलं. काठी घेऊन धावले. मुंगूस कुठंच नव्हतं. आमच्याच कोंबड्यानं काळ्या कोंबडीला कोपऱ्यात दाबली होती. नर मादीवर चढतो ते आम्ही रोजच बघायचो, क्षणात आटपतं. हे थांबतच नव्हतं. तिच्या पाठीवर उभं राहून तो डोक्यावर चोची हाणत होता. तुरा फाटलेला, मानेवरचं कातडं उघडं, जाळीवर रक्ताचे शिंतोडे. बाकीच्या तिघी पलीकडच्या कडेला एकमेकींत डोकी खुपसून बसलेल्या.

मी ओरडले, काठी मारली. तो बाजूला झाला आणि पुन्हा तिच्यावरच गेला. शेवटी पोतं टाकून त्याला दाबला. पोत्याखाली तो धडधडत होता. मी तसंच दाबून धरून सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई आल्या. कोंबडी बघून म्हणाल्या, "भायेरनं काय तरी आलं असंल. ह्यो असं करायचा न्हाय."

"आत्या, मी डोळ्यांनी बघितलं."

त्यांनी पोतं उचललं. कोंबड्यानं अंग झाडलं, इकडं तिकडं बघितलं आणि सरळ जाऊन पांढऱ्या कोंबडीची मान धरली. सासूबाई तिथंच मातीत बसल्या. "ह्यो आपलाच का गं?" एवढंच त्या बोलल्या.

कोंबड्याचा पाय बांधून त्याला दुसरीकडं ठेवला. काळीला हळद लावून स्वयंपाकघरात डालग्याखाली झाकली. तिचा एक डोळा गेलाच. बाहेर तो आरवला, की ती डालग्यात अंग चोरायची.

संध्याकाळी नवरा आला, त्यानं सगळं बघितलं. "कापू या," म्हणाला.

"काप. मी न्हाय खायाची," सासूबाई म्हणाल्या. मग कुणीच कापला नाही. नवऱ्याच्या सोबतचा एक कामगार शहराबाहेर शेतात राहतो, त्याच्याकडं पुष्कळ कोंबड्या. तो येऊन कोंबडा घेऊन गेला. "हितं चारच कोंबड्या, त्यात कोंडून घातल्याल्या. बिघडणारच की," म्हणाला. त्याचं म्हणणं मला पटलं, पण मनातली धडकी काही गेली नाही.

पुढं सासूबाईंनीच आम्हाला बघून यायला पाठवलं. शेतात बाभळीखाली कोंबड्यांच्या घोळक्यात तो उभा होता. एक कोंबडी त्याच्या पायांमधून किडे टिपत होती, तो हललाही नाही. "लई गरीब हाय," कामगार म्हणाला. त्या दुपारी तो खुनशी वाटला होता, पण हा असा शांत बघून मला जास्त भीती वाटली.

घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "कुणालाच मारत न्हाय?"

"न्हाय, आत्या."

त्यांनी काळीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मग आमच्या हिनंच काय केलं हुतं?"

काळी जगली. अंडीही देते. पण आंधळ्या बाजूनं कुणी गेलं, की किंचाळून जाळीवर आदळते. म्हणून मी आता लांबूनच बोलत बोलत तिच्याजवळ जाते.