द्वारकेचा नंबर

जून १९५३. आष्टी, आमचं घर, दुपारी तीनचा सुमार. हजर : मी; माझी नणंद द्वारका, वय सतरा; लग्नाच्या शेवया वळायला आलेल्या शेजारच्या दोघी, काशीबाई आणि शेटजींची सून गंगा. गैरहजर : हे. हे परतूरला तहसिलीत कारकून, फक्त शनिवारी घरी येत. त्या दिवशी गुरुवार होता.

यादीशिवाय मला सुरुवातच करता येत नाही. पण या दुपारबद्दल मी आजवर एक ओळ कुठं लिहिली नाही, कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळसुद्धा नाही. सात वर्षं झाली. तुम्हांला सांगते, कारण — कारण काही नाही. सांगते.

माझे सासू-सासरे पटकीत एकाच आठवड्यात गेले तेव्हा द्वारका नऊ वर्षांची होती. तिला मी वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, पहिलं लुगडं नेसवलं. निझामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, आणि यांनी ठरवलं की बहिणीला मॅट्रिक करायची. मोठ्या मुलींसाठी गावात शाळा नव्हती, म्हणून शनिवार-रविवार हे तिला घरीच शिकवत. बाकीचे पाच दिवस ती एकटी घोकायची. परीक्षेला जालन्याला मीच घेऊन गेले. दोन टाक, दौत, टीपकागद, पाच दिवसांच्या दशम्या, सगळं मोजून घेतलं होतं. हॉलतिकीट माझ्या पेटीत. नंबर ४२१७. यांना तो पाठ नव्हता. पाठ ठेवणं हे माझं काम.

आता स्थळाचं सांगते. घनसावंगीचं होतं. गोदावरीकाठची जमीन, उसाचा मळा, माणसं शब्दाला पक्की, मुलगा शांत. मुलगा मॅट्रिकला दोनदा बसला होता आणि दोनदा नापास झाला होता. बोलणी करायला आले तेव्हा त्याचे वडील पान जमवत म्हणाले, "पोरगी परीक्षेला बसली म्हनता, बसू द्या. पन पास-बिस झाली तर आपलं बिलकुल जमायचं न्हाई बरं का, बाई. आमच्या पोराला रोज भाकरीसंगं टोमणा खावा लागंल!"

सगळे हसले. मीही हसले.

पाहुणे गेल्यावर यांनी द्वारकेला समोर बसवलं. पास झालीस तर हे लग्न नाही, औरंगाबादला मास्तरणीच्या ट्रेनिंगला धाडतो. नापास झालीस तर घनसावंगी. तिनं मान हलवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, तू आपली तयारीला लाग, घरी शिकून पहिल्या फटक्यात कोण पास होतं? मी लागले. पत्रिका वाटून झाल्या, आहेराची लुगडी आली, आचारी ठरला. अकरा दिवस उरले होते. माझ्या यादीत शेवटच्या चार-सहा ओळी तेवढ्या खोडायच्या राहिल्या होत्या.

आणि त्या गुरुवारी निकालाचा अंक आला. गावात वर्तमानपत्र एकट्या शेटजींकडं यायचं, तेही हैदराबादहून एक दिवस शिळं. गंगानं ते पदराखालून काढून माझ्या हातात दिलं. "मामंजींनी सांगितलंय, जल्दी परत आणा. अजून त्यांचं वाचून व्हायचंय."

काशीबाई पाटावरून ओरडली, "द्वारके, मॅट्रिक झाली तरी शेवया अशाच दोरखंडावानी वळशील गं तू!"

द्वारका हसली नाही. पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. म्हणाली, "वैनी, तू बघ. माझे हात पिठाचे." आणि आत जाऊन दाराआड बसली.

मी अंक खिडकीशी नेला. पास झालेल्यांचे नुसते नंबर होते, मुंग्यांसारखे. बोट ठेवून उतरत गेले. तिसऱ्या वर्गात — ४२०९, ४२१४, ४२१७.

पुन्हा वरून सुरुवात केली. कुठलीही गोष्ट मी दोनदा तपासते. साऱ्या आळीला ठाऊक आहे. दुसऱ्यांदाही ४२१७ तिथंच होता.

मी अंकाची घडी घातली, गंगाच्या हातात दिली, आणि दाराशी जाऊन म्हटलं, "न्हाई गं. नंबर न्हाई."

आतून तिनं विचारलं, "दोनदा बघितलंस?"

"दोनदा बघितलं."

हे खरं होतं ना? तेवढं एक वाक्य खरं होतं. त्याच वाक्यानं ती संपली. दार उघडून बाहेर आली, पाटावर बसली, उरलेल्या शेवया वळल्या. शनिवारी हे आले, अंक कुठंय म्हणाले, तर मी तोंड उघडायच्या आत द्वारकाच बोलली, "राहू दे दादा. वैनीनं दोनदा बघितलं म्हंजे न्हाईच." हे दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

का केलं मी असं? सात वर्षांत मी कारणं पुष्कळ जमवली. मोडलेलं लग्न, गावात तोंड कसं दाखवायचं — हे एक. सुखाच्या घरी पडेल — हे दुसरं. कागदानं काय होतं, ज्यांच्या घरी डिग्र्या टांगल्यात ती माणसं काय वेगळी भाकरी खातात — हे तिसरं, आणि हे मी लोकांसमोर फार ठासून बोलायचे. यातलं एकही खिडकीशी उभी असताना माझ्या मनात नव्हतं. मनात काय होतं, सांगू? मनात शनिवारच्या दुपारी होत्या. ही दोघं बहीण-भाऊ नकाशा पसरून बसायची, नद्यांची नावं घ्यायची, कशावर तरी हसायची. मी चुलीशी लसूण सोलत असायचे. मला चौथीतून काढलं होतं. एकदा मी विचारलं, कशावर हसता? द्वारका म्हणाली, "तुला न्हाई कळायचं, वैनी." लाडानं म्हणाली होती. — मी ते जपून ठेवलं होतं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. काही राहिलं नाही, काही कमी पडलं नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

श्रावणात पोस्टमन प्रमाणपत्र देऊन गेला. हे परतूरला. मी ते पेटीत तळाशी ठेवलं, लुगड्याच्या घडीत. त्याच आठवड्यात पंचमीला द्वारका माहेरी आली. यांनी तिच्यासाठी पुस्तक आणलं होतं, पुन्हा बसायचं म्हणून. तिनं ते हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "नको दादा. माझं डोकं तेवढंच." जी पोरगी किराण्याच्या पुडीचा कागदही सरळ करून वाचायची, ती असं बोलत होती.

तिचा नवरा वाईट नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. मारत नाही, पीत नाही. फक्त पाहुण्यांत म्हणतो, "आमी दोघं बी नापास. जोडा बराबर जमला!" द्वारका सगळ्यांच्या आधी हसते.

एवढ्यावर थांबले असते, तरी मी स्वतःला फसवत जगले असते. पण गेल्या वर्षी मी घनसावंगीला गेले होते. तिथं मुलींची शाळा निघाली होती. सरपंच स्वतः द्वारकेच्या ओसरीवर आले. त्यांना मास्तरीण हवी होती, मॅट्रिक झालेली, गावातली असेल तर फारच बरं. द्वारकेला म्हणाले, वैनी, तुम्ही शिकलेल्या दिसता. द्वारका डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मी नापास आहे जी." सरपंचांनी चहा घेतला आणि गेले.

मी तिथंच होते. चार हातांवर. माझ्या हातात तिच्या मुलीची वेणी होती. मी वेणी घालत राहिले.

पुढं अंबडहून कुणी बाई आली त्या जागेवर. द्वारका तिला रोज ताक पाठवते. तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणते, देवळात बोलतो तसा. आणि मला म्हणाली, "वैनी, माझ्या पोरीला तुझ्यासारखं वळण लाव. एक काम कधी चुकलं न्हाई तुझं."

कागदानं काय होतं, असं मी आता कुणाजवळ म्हणत नाही. त्या कागदावर तिसरा वर्ग आहे, गणितात जेमतेम पास आहे, नाव शाईनं लिहिलंय आणि एका कडेला थोडं फुटलंय. सात वर्षं मी तो दर दिवाळीला पेटी आवरताना बाहेर काढते, ऊन दाखवते आणि परत ठेवते. कसर लागू दिलेली नाही.

घनसावंगीला जायला आष्टीहून एक दिवस पुरतो. दोनदा मी तयार होऊन निघाले. दोन्ही वेळा तिच्यासाठी लोणचं, तिच्या मुलीसाठी परकर नेला. दोन्ही वेळा पेटी उघडली नाही.

प्रमाणपत्र द्वारकेला द्यायचं आहे. दिलेलं नाही.