वत्सलाकाकींचा बॉयलर

वत्सलाकाकी कारखान्यात शिरल्या की आधी कोणाशीच बोलत नसत. पदर कमरेला खोचून दाराशी डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि नुसत्या ऐकायच्या. मग एखाद्या पाइपाकडे बोट दाखवायच्या. "त्यो बग, वाफ ररतेय तिकरं." वाफ रडतेय, म्हणजे गळतेय. फिटर शिडी लावून वर चढायचा, तर जोडाच्या फटीतून खरंच बारीक फुसफुस चालू असायची. "एवरं सरपन जालून केलेली वाफ, ती अशी वाऱ्यावर सोराची? मना न्हाय बगवत," म्हणायच्या आणि तो जोड दुरुस्त होईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

वडपे गावाजवळ त्यांचं सायझिंग होतं. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, वाफेने तापलेल्या रुळांवरून ते वाळवतात आणि मोठ्या बीमवर गुंडाळतात, तो हा कारखाना. माझे माग थोडेच. वडिलांच्या काळापासून आमचे बीम तिथेच भरले जायचे. वडील शाळेत शिक्षक होते, म्हणून काकी मला शेवटपर्यंत 'मास्तरांचा' म्हणून हाक मारत.

काकी दिघाशीच्या शेतकरी घरातल्या. नवरा अचानक गेला, तेव्हा आजूबाजूच्या जमिनींवर एकामागून एक गोदामं उभी राहत होती. दीर रोज येऊन सांगायचे, "वहिनी, गोदामवालं दारात उभं हाईत. जागा द्या आन् निवांत बसून खा."

काकी म्हणाल्या, "मना बसून जेवन उतरत न्हाय, भावजी." दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यातल्या नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या.

तेव्हा त्यांच्या बॉयलरमध्ये सगळ्यांसारखंच जे मिळेल ते जळायचं. लाकूड, चिंध्या, कधी प्लॅस्टिकसुद्धा. चिमणीतून काळा धूर निघायचा आणि त्याचं कोणालाच काही वाटायचं नाही. मग एका दुपारी शेजारच्या आळीत एका मुलीची हळद होती. मीही मांडवात होतो. वारा फिरला आणि काकींच्या चिमणीतल्या काजळीचे तुकडे खाली येऊ लागले. भाताच्या टोपात पडले, नवरीच्या पिवळ्या दंडावर पडले. बँजो थांबला. काकी तिथेच पुढच्या खुर्चीत होत्या. त्यांचा मान मोठा, म्हणून कोणी शब्द काढला नाही. बायकांनी टोपांवर झाकणं घातली, एवढंच. काकी उठल्या, पाण्याचा तांब्या घेऊन त्यांनी त्या मुलीचा दंड स्वतःच्या हाताने धुतला आणि न जेवता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून चिंध्या आणि प्लॅस्टिक बंद झालं. शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना इकडे पांढरा कोळसा म्हणतात, त्या आल्या. पण कांड्या महाग. त्याच भावात काम करायचं, तर उष्णता वाचवायलाच हवी होती. त्यांनी ठाण्याहून स्नेहल नावाच्या एका तरुण इंजिनीअर मुलीला बोलावलं. तिने पाइप न् पाइप तपासला. काकी तिच्या मागे फिरत होत्या. म्हणाल्या, "पोरी, तू शिकलीस, तू सांग. मी करतो. पन मना समजंल असं सांग."

स्नेहलने सांगितलं ते सगळं त्यांनी केलं. पाइपांना जाड वेष्टण घातलं. वाफ निवून होणारं जे गरम पाणी गटारात जायचं, ते परत बॉयलरकडे वळवलं. छपरावर सौर बंब बसवून बॉयलरचं पाणी आधीच तापवायची सोय केली. उरलेल्या पत्र्यांवर विजेची सौर पॅनल आली. त्यासाठी कारखाना कित्येक दिवस बंद ठेवावा लागला. कामगारांचा पगार त्यांनी थांबवला नाही. काही मागवाले मात्र दुसरीकडे गेले.

मी काकींकडेच थांबलो होतो, आणि कारखाना सुरू झाल्यावरचा पहिलाच बीम खराब निघाला. सूत नीट वाळलं नव्हतं. मागावर धागे तटातट तुटत होते आणि कारागीर वैतागून म्हणाला, "सेठ, ये तो गीला है." मी रागाने फोन केला. तासाभरात काकी रिक्षाने माझ्या शेडमध्ये हजर. त्या खडखडाटात स्टुलावर बसून त्यांनी धागे तुटताना पाहिले, ते ओलसर सूत बोटांत घेऊन चोळलं.

"माजी चूक हाय, मास्तरांचा. बीम परत ने. सूत मी भरून देतो."

"काकी, जुनंच बरं होतं ना?" मी म्हणालो.

त्यांनी सूत खाली ठेवलं. "ती पोर हलदीला बसलेली, तवा तू पन व्हतास ना थं?"

मी कारागिराला बीम उतरवायला सांगितलं. स्नेहलने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं की एक झडप चुकीच्या मापाची बसली होती आणि रुळांमध्ये पाणी साचत होतं. झडप बदलली. पुढचा बीम असा आला की कारागिराने त्यावरून हात फिरवला आणि मला डोळा मारला.

गेलेले मागवाले हळूहळू परतले. आता सरपण कमी लागत होतं आणि चिमणीवर धूर शोधावा लागत होता. मग काकींनी सगळ्यांना नवल वाटेल असं केलं. पलीकडच्या सायझिंगचे मालक रफीकशेठ, म्हणजे त्यांचे थेट स्पर्धक, यांना बोलावून त्यांनी सगळा कारखाना दाखवला. स्नेहललाही त्यांच्याकडे पाठवलं.

मी विचारलं, "त्यांना कशाला शिकवता?"

"धूर काय हद्द विचारून जातो? त्यांची चिमनी पन माज्याच गावावर हाय ना!"

गेल्या थंडीत काकी गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. दहाव्याला काकींचे दीर पुन्हा गोदामाचं बोलू लागले. कारखाना आता काकींच्या हाताखाली शिकलेल्या सुनेकडे, मनीषाकडे आला होता. तिला काम माहीत होतं, पण एकटीने कधी चालवलं नव्हतं. तेवढ्यात रफीकशेठ आपल्या फोरमनला घेऊन आले. फोटोला हार घालून तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"बेटी, काकीने मुझसे कुछ छुपाया नहीं. तुम बॉयलर चालू करो. जब तक तुम्हारा हाथ बैठता नहीं, मेरा फोरमन इधर ड्युटी करेगा."

मनीषाने चुलतसासऱ्यांकडे पाहिलं, मग फोरमनला विचारलं, "सोमवारी येशील?"

त्या आठवड्यात माझे बीम वेळेवर आले.