रावणाचं सोंग मामाच्या नावावर

मोखाड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात कुणी कर्ज काढून लग्नाला बँड आणला, की जुनी माणसं अजून हसतात आणि म्हणतात, "यानं पण रावण घेतला वाटतं." हा टोमणा माझ्या मामावरून पडला. मामाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, टोमणा मात्र ठणठणीत आहे. तो खोटा आहे हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

जव्हारला तेव्हा संस्थान होतं आणि मला नुकती मिसरूड फुटली होती. मामा म्हणजे वाळक्या बांबूसारखा माणूस, खर्चाच्या बाबतीत तर त्याहून कोरडा. जव्हारच्या बाजारात तो मिठापलीकडे काही घेत नसे. पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून भात उचललं, तर कापणीनंतर दीडपट भरावं लागे. सगळं गाव उचलत असे, मामा नाही. दाणा कमी पडला तर रानातले कंद उकडून खाई आणि वर आम्हाला उपदेश करी. उपदेशाआधी "हं, हं" असा घसा खाकरायचा आणि मग नाकातून बारीक आवाजात बोलायचा. मी त्याची नक्कल हुबेहूब करत असे. एकदा मामीने चुलीपासून विचारलं, "वाढू काय?" मी ओट्यावरून म्हणालो, "हं, हं, अर्धीच भाकर." तिने खरंच अर्धी भाकर आणून ठेवली.

आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून नाचतात. कोणतं सोंग कुणी नाचवायचं, ते आधी देवीसमोर बोली लावून ठरतं. त्या वेळी बोली भाताची असे. एकदा तोंडातून निघालेली बोली मागे घेता येत नसे, आणि खोटी बोली करणाऱ्याला गावासमोर उभं करून बोहाड्यातून काढून टाकत.

त्या दिवशी वांगणीहून पाहुणे आले होते. मला मुलगी द्यायची की नाही ते बघायला मुलीचा बाप आला होता आणि मुलगीही सोबत होती. मी शहाण्यासारखं बसायला हवं होतं. पण माझ्या पुढ्यातच मामा तंबाखू तोंडात धरून पेंगत होता, आणि रावणाची बोली चालू होती. दरवर्षी रावण गावचा कारभारी घ्यायचा.

"दोन मण," कारभारी म्हणाला.

"आणखी कोण?" पाटलाने विचारलं.

माझ्या जिभेला खाज सुटली. खांद्यावरच्या पंच्याआड तोंड करून मी म्हणालो, "हं, हं. अडीच."

सगळ्या माना मामाकडे वळल्या. कारभारी चमकून म्हणाला, "तीन!"

"हं, हं. चार."

कारभारी पाच म्हणेल, मामा जागा होईल आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखतील, असा माझा अंदाज. कारभाऱ्याने मात्र सरळ हात जोडले. "घ्या बाबा. दहा तोंडांना भाकर घालायची ताकद तुमचीच."

"रावण तुमचा," पाटील मामाला म्हणाला.

मामा दचकून जागा झाला आणि त्याने मागे पाहिलं. माझं तोंड अजून उघडंच होतं. मग त्याची नजर माझ्यावरून पुढे, वांगणीच्या पाहुण्यांवर गेली आणि जरा वेळ तिथेच राहिली.

"हं, हं," मामा म्हणाला. "माझा म्हणजे माझाच."

जन्मात पहिल्यांदा मामा व्यापाऱ्याच्या दारात उभा राहिला आणि त्याने चार मण भात उचललं. बोहाड्याला दहा तोंडांचा रावण दोन काटक्यांवर उभा राहिलेला पाहून गाव लोळून हसलं. खरं सांगायचं तर नाचला मात्र झकास.

माझं लग्न ठरलं. पावसाळ्याच्या तोंडावर मामाचा निरोप आला, "भाच्याला लावणीला पाठव." लावणी झाली, बेणणी झाली, कापणी आणि झोडणीही झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दुपारी मामी माझ्यापुढे अर्धी भाकर ठेवायची. "त्यांनीच सांगितलंय," म्हणायची.

व्यापाऱ्याचं उरलंसुरलं भातही दीडपटीने परत गेलं, त्या संध्याकाळी मामा म्हणाला, "तुझं फिटलं."

"आणि तुझ्या नावाचं काय, मामा?"

"माझं नाव काय भाकरीला लावून खायचंय?"

त्याने पुन्हा कधी दाणा उसना घेतला नाही. गावाला मात्र एवढंच आठवत राहिलं, की आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं आणि शेवटी स्वतः सोंगापायी कर्जात गेला. लोक हसायचे, मीही हसायचो. लाज वाटते सांगायला, कधीकधी टोमणा मारणारा मीच असायचो.

परवा मामाचा नातू बैल घ्यायला कर्ज काढतोय म्हणून चावडीवर कुणीतरी म्हणालं, "आज्यासारखा रावण घेऊ नको रं." त्या पोराने मान खाली घातली. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "बाबा तुमच्या बाजूलाच बसले होते. पंचा हलताना दिसला त्यांना."

"मग मुलगी दिली कशी?"

"मामांकडं बघून. भाच्याची बोली जो आपल्या डोक्यावर घेतो, त्या घरात पोरगी उपाशी नाय राहणार, म्हणाले. फक्त नवऱ्याला कणगीला हात लावू देऊ नको, म्हणाले."

इतकी वर्षं घरातली भाताची कणगी तिने मला का उघडू दिली नाही, ते तेव्हा कळलं. मी आपला समजत होतो, माझी कंबर दुखते म्हणून.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "त्या पोराला सांगा."

सकाळीच गेलो. ओट्यावर बसून नक्कल, बोली, लावणी, अर्धी भाकर, काहीही न वगळता सांगितलं. मामाचा नातू म्हणाला, "आजोबा, हे चावडीवर सांगाल?"

"आत्ता चल," मी म्हणालो.

तो उठला नाही. आत तोंड करून त्याने बायकोला हाक मारली.

"आधी आजोबांना भाकर वाढ गं. अख्खी वाढ."