रंगाखालची गाणी

त्यांना कुणी रंगारी म्हणत नसे. सगळे फर्माईशकाका म्हणत. रेडिओवर लोक आपल्या आवडीच्या गाण्याची फर्माईश पाठवतात, यांचं मात्र उलटं होतं. तुम्ही मागा न मागा, हे तुम्हाला गाणं ऐकवणारच. तुमच्या बैठकीच्या खोलीत स्टुलावर बसून भिंतीला पॉलिश पेपर मारता मारता मान वळवून विचारणार, "काय हो, ते व्हायोलिननं सुरू होणारं ऐकलंय का?" तुम्ही नाही म्हणालात की "नाही?" असं म्हणायचे, आणि त्या एका शब्दात एवढी दया असायची, की तुम्हालाच वाटावं आपण आजवर गरम जेवण जेवलेलोच नाही.

गाणं कुठलंही चालायचं. आजोबांच्या काळातलं, कालपरवाचं, नावाड्यांचं, अंगाईचं, तीन गिटारी एकदम किंचाळतात तसलं, शब्दच नसलेलं, भाषाच कळत नाही असलं. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांशी त्यांचं वाकडं होतं. "सोनं काय, जुनं पितळपण असतं," म्हणायचे. गाण्यांची नावं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. जिना चढणारं. शिट्टीवालं. दोन बहिणींचं. पोटात खड्डा पडतो ते. ही नावं त्यांच्या बायकोला आणि लेकीला पाठ होती, आणि बाकीच्या जगाला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

ऐकवण्यात एक खोड होती. गाण्यातली सगळ्यात सुंदर जागा जवळ आली की यांना राहवायचं नाही. रोलर थांबवून, हात वर करून ओरडायचे, "आता! आता ऐका हं! आलं!" आणि त्या ओरडण्यात ती जागा येऊन निघूनही जायची. मग गाणं मागे नेऊन पुन्हा लावायचं. पुन्हा तेच. एका बँकेतल्या साहेबांनी याच कारणानं एक गाणं पाच वेळा ऐकलं आणि शेवटपर्यंत ती जागा काही त्यांना ऐकू आली नाही. ते अजून भेटले की हसून सांगतात. पण त्यांच्या गाडीत आज ते गाणं आहे, हेही सांगतात.

जबरदस्ती मात्र नव्हती. एका बाईंचा नवरा नुकताच गेला होता, त्याची खोली रंगवून घ्यायची होती. फर्माईशकाकांनी चार दिवस स्पीकर पिशवीबाहेर काढला नाही. पाचव्या दिवशी त्या बाई स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर रंग चालला होता तेव्हा तुम्ही एक लावायचात, संथसं. ते आहे का?" काकांनी ते लावलं आणि दुसऱ्या खोलीतलं काम काढून तिकडे निघून गेले. त्या दिवशी त्यांनी 'आता ऐका' म्हटलं नाही. माणूस बडबड्या होता, पण कुठे गप्प बसायचं ते त्याला कळत होतं, आणि हे बडबड्या माणसांत फार थोड्यांना कळतं.

आता मुख्य गोष्ट. प्राइमर वाळला की रंगाचा पहिला हात देण्याआधी फर्माईशकाका बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात त्या खोलीत वाजलेली गाणी लिहून काढायचे. सोबत एखादा शेरा. मग त्याच्यावर पहिला हात, दुसरा हात, की सगळं गडप. तीस वर्षं हा उद्योग चालला होता. निम्म्या गावाच्या भिंतींत गाणी होती आणि घरमालकांना पत्ता नव्हता.

"कुणाला दिसायचं नाही ते लिहायचं कशाला?" बायको विचारायची.

"कोऱ्या घरात माणसानं राहावं का?" ते म्हणायचे.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि काम लेकीनं हातात घेतलं. लेक हुशार. वडिलांच्या हाताखाली आठ वर्षं काढलेली, शिवाय रंगाची कार्डं घेऊन गिऱ्हाइकाशी नीट बोलता येणारी. आता बोलणी ती करायची, माप ती घ्यायची, कामावर तिचं नाव असायचं आणि बाबा तिच्या हाताखाली. बाबांना त्याचा एवढा अभिमान, की रस्त्यात कुणी विचारलं तर "मालकीणबाईंना विचारून सांगतो" म्हणायचे. लेकीला ते आवडायचं आणि थोडं लाजायलाही व्हायचं. काम करताना बाबांचा स्पीकर एका खोलीत आणि ती दुसऱ्या खोलीत, कानात इअरफोन घालून. असं का, ते कुणी विचारलं नव्हतं.

तिच्या नावावरचं पहिलं मोठं काम म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. तळमजल्यावर चार खोल्या. इमारत बाईंचीच होती, वर आणखी दोन मजले रिकामे होते, आणि खालचं काम पसंत पडलं तर वरचंही तिलाच मिळणार असं ठरलं होतं. लेकीनं या कामासाठी सगळं शिस्तीत केलं. प्रत्येक डब्यावर जाड मार्करनं खोलीचं नाव लिहिलं, कितवा हात तेही लिहिलं. आणि बाबांना बजावलं, "इथे भिंतीवर लिहायचं नाही हं. बाई मधेच येऊन बघतात."

"बरं," बाबा म्हणाले. साखर कमी खा म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही ते असंच 'बरं' म्हणत.

त्या दिवशी लेकीनं स्विचबोर्डांभोवती खुणा करायला बाबांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि आपल्याच खिशात ठेवली. बाहेर रुग्णांच्या बसायच्या खोलीत प्राइमर वाळला होता, गाणी वाजून झाली होती, बाबा बादलीवर बसले होते. कानाला हात लावला तर पेन्सिल नाही. डब्यावर लेकीचा मार्कर पडला होता.

मार्करनं भिंतीवर लिहू नये हे कुठल्याही रंगाऱ्याला माहीत असतं. त्याची शाई रंगातून वर येते, दोन हात द्या नाहीतर पाच. फर्माईशकाकांनाही माहीत होतं. पण ते नंतर सांगायचे तसं, "डोक्यात गाणं होतं ना." तीस वर्षांच्या हाताला सवय असते, आणि सवय विचार करत नाही.

शुक्रवारी दुपारी खुर्च्या आल्या. बाई त्या कुठे ठेवायच्या ते बघत होत्या आणि एकदम वाकल्या. मलईच्या रंगाच्या नव्या कोऱ्या भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जांभळट अक्षरांच्या ओळी उमटल्या होत्या.

"'शिट्टीवालं, दोनदा,'" बाईंनी वाचलं. "हे काय आहे?"

लेकीनं बाबांकडे बघितलं. बाबा कधी नव्हे ते ताठ उभे होते.

"गाणी आहेत, बाई," ते म्हणाले. "मी लिहिलीत. पोरीनं नको म्हणून सांगितलं होतं. तिची काही चूक नाही."

बाई आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. "सोमवारी नऊ वाजता पहिला पेशंट येतोय," त्या लेकीला म्हणाल्या. "तोवर ही भिंत स्वच्छ दिसली नाही तर वरचे मजले मी दुसऱ्या कुणाला देईन. राग मानू नका, पण मला तसं करावं लागेल." एवढं बोलून त्या गेल्या.

"मी डाग दाबायचा प्राइमर घेऊन येतो," बाबा म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत—"

"तुम्ही घरी जा."

"अगं, एकटीनं कसं—"

"बाबा, घरी जा म्हणतेय ना! हे काम माझ्या नावावर आहे. तुमच्या गाण्यांपायी आणखी काय काय घालवू मी?"

बोलून गेली आणि तिलाच ते लागलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. बाबांनी स्पीकर पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेले.

शनिवारी सकाळी लेक एकटी आली. डबा उघडला, ढवळला, बारीक ब्रश घेतला आणि बाबांसारखीच बादली पालथी घालून त्या कोपऱ्यासमोर बसली. आधी प्रत्येक ओळीवरून प्राइमर दाबून फिरवायचा, मग पूर्ण भिंत, मग रंगाचे दोन हात. आणि ओळीवरून ब्रश फिरवायचा म्हणजे ओळ वाचणं आलं. गंमत अशी, की वडिलांच्या हाताखाली आठ वर्षं काढून तिनं यातली एकही यादी कधी वाचली नव्हती. त्यांचं लिहून होईपर्यंत ती शेजारच्या खोलीत असायची.

'जिना चढणारं. आज खोलीत फार छान घुमलं.'

'शिट्टीवालं, दोनदा.'

'नावाड्यांचं. हिच्या आईला ऐकवायचं राहून जातंय.'

पुढच्या ओळीवर तिचा हात थांबला.

'पोरीचं, ढोलवालं. तिच्या जुन्या फोनमधलं. हे मला आता पाठ झालं.'

तिचा जुना फोन बाबांना दिला होता, तिची गाणी त्यात तशीच राहिली होती. ती पुसून टाकायचं तिच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याखाली, 'पोरीचं, हळू आवाजातलं. झोपताना ऐकतो.' मग, 'पोरीचं, इंजिनसारखं धडधडणारं. गुडघे दुखत नाहीत ऐकताना!' एकूण बारा गाण्यांपैकी सात तिची होती. आणि सगळ्यात शेवटी,

'पोरीचं भांडणवालं. मी तेव्हा चुकलो. तिसरं कडवं!!'

लेकीनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

ती सोळा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका मुलीनं म्हटलेलं, गाणं कमी आणि तोंडातून शब्दांचा मारा जास्त, असं एक गाणं तिला सापडलं होतं. आठवडाभर ती ते घेऊन नाचत होती. मोठ्या हौसेनं तिनं ते बाबांना ऐकवायला आणलं. जगातलं कुठलंही गाणं आवडून घेणारा माणूस तो, त्याला तर हे आवडणारच. बाबांनी पहिलं कडवं ऐकलं, हसले आणि म्हणाले, "हे काय, शेजारणींचं भांडण चाललंय का?" एवढंच. वाईट हेतूनं नव्हेच, गमतीनं. पण तिनं फोन बंद केला, आणि त्यानंतर दहा वर्षांत आपलं एकही गाणं बाबांना ऐकवलं नाही. बाबा आपली ऐकवत राहिले, ती 'छान आहे' म्हणत राहिली आणि इअरफोन कानात घालत राहिली. तिला वाटत होतं, बाबांच्या हे लक्षातसुद्धा नाही.

तिनं घरी फोन लावला. आईनं उचलला.

"काय करतायत?"

"काय करणार? कालपासून चप्पल घालून बसलेत दारात. जेवलेसुद्धा धड नाहीत. का गं?"

"पाठव त्यांना. म्हणावं, मालकीणबाई बोलावतायत. एकटीच्यानं सोमवारपर्यंत होत नाही."

बाबा वीस मिनिटांत हजर. स्पीकर आणला नव्हता. कोपऱ्यातल्या ओळी अजून उघड्याच आहेत हे त्यांनी बघितलं, लेकीनं वाचल्यात हेही त्यांना कळलं असणार. ब्रश घेऊन कोपऱ्याकडे निघाले तशी ती म्हणाली, "ते राहू द्या. ते मी करते. तुम्ही वरून घ्या." तिनं त्या ओळी आपल्या हातानं झाकल्या. एकदाच नाही, दोनदा, अगदी जिथल्या तिथे. काम ते काम. बाबा शिडीवर होते आणि खाली बघत नव्हते.

सोमवारी काय झालं ते सांगून टाकतो. बाईंनी टॉर्च भिंतीला आडवा धरून बघितलं, खाली वाकून बघितलं, मग वरच्या मजल्यांच्या किल्ल्या लेकीच्या हातात दिल्या. भिंत सुरेख झाली होती. दोन चांगल्या हातांनी केलेलं काम सुरेखच होतं, त्यात नवल काही नाही. मला सांगायचंय ते रविवारचं.

रविवारी दुपारी रंगाचा पहिला हात देऊन झाला होता आणि दोघं भिंतीकडे तोंड करून फरशीवर बसली होती. खिडक्या उघड्या होत्या. खोलीत ओल्या रंगाचा वास आणि शांतता. बाबांना शांततेची सवय नव्हती, ते नखातला रंग काढत बसले होते.

"तिसऱ्या कडव्यात काय आहे?" लेकीनं विचारलं.

बाबांनी नखं सोडली.

"मला वाटलं होतं, ती पोरगी भांडतेय," ते म्हणाले. "पहिल्या कडव्यावरच हसून सोडलं की तसंच वाटणार. तुझ्या फोनमध्ये ते सापडल्यावर पुरतं ऐकलं. मग रोज ऐकायला लागलो. तिसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटतो बघ. भांडणाऱ्याचा आवाज तसा फाटत नाही गं. समोरचा ऐकतच नाही म्हटल्यावर फाटतो."

लेकीनं झाकलेल्या त्या कोपऱ्याकडे बघितलं.

"मी ऐकायला हवं होतं," बाबा म्हणाले. "त्याच दिवशी."

"तिची आणखी आहेत," लेक म्हणाली. "त्याहून चांगली."

"असणारच." बाबांनी पाय लांब केले, पाठ मागच्या भिंतीला टेकवली. "मला दहा वर्षांची ऐकायची राहिलीत. सोळाव्या वर्षापासून सुरू कर. रंग वाळायला चार तास आहेत."