कर्ता नसलेलं वाक्य

मी मोहर्लीला जंगल दाखवणारा गाईड आहे. बायको गेली त्या पावसाळ्यात जंगलाचं गेट बंद होतं, हाताला काम नव्हतं, म्हणून मोबाईलवर फ्रेंच शिकायला घेतलं. पाहुण्यांसाठी शिकून राह्यलो, असं लोकांना सांगायचो. खरं तर घरात कुणाचा तरी आवाज हवा होता. फोनमधली बाई वाक्य म्हणायची, मी भात शिजेपर्यंत तिच्यामागे म्हणत बसायचो.

पुढच्या वर्षी थंडीत एक फ्रेंच बाई एकटीच आली. सत्तरीची, शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. तिसऱ्या दिवशी पाणवठ्याजवळ जिप्सी थांबवून आम्ही वाघाची वाट पाहत होतो. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. घरी कोण कोण असतं, तिने हळूच विचारलं. मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते, मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. आणि बायको? तिची फार आठवण येते, असं मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "झ लुई मांक."

"मग जा ना तिच्याकडे," ती म्हणाली. "कुठे असते?"

"वारली. दीड वर्ष झालं."

तिने दुर्बीण मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात त्याचा अर्थ, तिला तुमची आठवण येते. आमच्यात हे उलटं असतं. 'एल म मांक' म्हणा. ती मला कमी पडते. गेलेलं माणूसच कर्ता."

इटालियनमध्येही तसंच, ती म्हणाली. या 'मांक' शब्दाचं मूळ लॅटिन, आणि तिथे त्याचा अर्थ हाताने अधू. तिची आजी मात्र घरात ब्रेतों, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाची जुनी भाषा, बोलायची. त्या भाषेत ओढ मला 'आहे' असं म्हणतात. आयरिश माणूस तर एकटेपण अंगावर आहे म्हणतो.

"तुमच्यात?"

"मले करमत नाई."

मी एकेक शब्द फोडून सांगितला. मले म्हणजे मला. करमणं म्हणजे मन लागणं.

"आणि कर्ता कोण?"

मी बराच विचार केला. "कुणीच नाही."

तिने मान हलवली. "माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली," ती म्हणाली. मग तिने ते मराठी वाक्य दोनदा म्हणून पाहिलं, 'र' घशातून काढत. त्या दिवशी वाघ आला नाही.

संध्याकाळी घरी आलो तरी डोक्यात तेच. खोटं कशाला बोलू, मला माझं चुकलेलं वाक्यच जास्त आवडलं होतं. तिला माझी आठवण येते. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवले का?"

रोज मी 'हो' म्हणून मोकळा व्हायचो. त्या दिवशी म्हणालो, "मले करमत नाई."

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुम्ही कधी बोललेच नाई. मले वाटलं, तुम्ही ठीक आहात."

"तू अभ्यास करून राह्यली. तुले काऊन सांगू?"

"मले बी नाई करमत, बाबा."

शनिवारी ती बसने आली. आई गेल्यानंतर तिची पेटी आम्ही पहिल्यांदाच उघडली. मुलीने दोन साड्या स्वतःसाठी काढल्या. बाकीच्या उन्हात घातल्या आणि दोघं उंबऱ्यात बसून राहिलो.