मखमली मोराच्या पोटातून

नातीच्या मोबाइलच्या जाड, चमकत्या कव्हरातून गाणं घुसमटत येत होतं. मला दिघोरीतली भाताची रोवणी आठवली.

सासूबाईंनी आमच्या नव्या ट्रान्झिस्टरला मखमली झबलं शिवलं होतं, वर मोर भरलेला. ते कोणी काढायचं नाही, असा हुकूम. शेताच्या कडेला धुऱ्यावर ट्रान्झिस्टर वाजायचा, पण बांधीतल्या चिखलात रोवणाऱ्या आम्हा बायांना नुसती गुणगुण ऐकू यायची. एका दुपारी मी गवताचा विळा उचलला आणि मोराच्या पोटाला भोक पाडलं. गाणं साऱ्या बांधीभर पसरलं.

"काहून फाडलं वं? किती शोभून राहिलं होतं!" सासूबाई ओरडल्या.

"आत्याबाई, शोभेलेच ठेवाचा होता, तं वावरात आणला कायले?"

"आजी, कव्हर मस्त आहे ना?" नातीनं विचारलं.

मी कात्री मागितली.