चौथ्या डब्याची सपाट रेघ

गावच्या पुलाखाली आम्ही सहा डबे चिकटवले होते. साबणाच्या वडीएवढा एकेक डबा. आत सेन्सर आणि बॅटरी. वजनाखाली पूल किती वाकतो ते डबा मोजायचा आणि बिनतारी पाठवायचा. लॅपटॉपवर त्याची रेघ उमटायची. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट होतं. पूल श्रीगोंदा तालुक्यातला, माझ्याच गावचा, म्हणून जागा मी सुचवली होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही चुकलं की ते माझंच चुकलं असणार, असं मी आधीच धरून चालायचो.

गाडी गेली की रेघ झटकन वर जायची, झटकन खाली यायची. मधल्या गाळ्याखालचा, म्हणजे मधल्या दोन खांबांमधल्या भागाखालचा, चौथा डबा मात्र साखर कारखाना सुरू झाल्यापासून विचित्र वागत होता. त्याची रेघ वर जायची आणि वीस-वीस मिनिटं तिथंच सपाट राहायची.

"डबा गेला," माझा जोडीदार म्हणाला. "चिकटवला कोणी होता?"

मीच. प्रोजेक्टच्या सरांनी अहवालातून चौथा डबा वगळायला सांगितला. मी मान डोलावली.

अहवाल द्यायच्या दिवशी सकाळी मी त्या सपाट रेघांच्या वेळा पाहत बसलो. त्या गावातून उसाच्या ट्रॉल्या निघायच्या वेळा होत्या. पुलापलीकडे चढ आहे. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला त्या चढावर ओढवत नाहीत. म्हणून मागची ट्रॉली पुलावर सोडतात, चाकाला दगड लावतात, पुढची वर नेऊन ठेवतात आणि मागचीसाठी परत येतात. आमच्याकडे हे इतकं रोजचं आहे, की त्यात सांगण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. माझे वडीलही तेच करतात.

डबा खरं बोलत होता. शिवाय ट्रॉली हलल्यावर रेघ दर वेळी आधीपेक्षा थोडी वरच थांबत होती. गाळा पुरता सावरत नव्हता.

"हे आज सांगतोयस?" सर म्हणाले.

"सर, मला वाटलं, माझंच चिकटवणं कच्चं राहिलं."

त्यांनी गाडी काढली. वाटेत मी वडिलांना फोन लावला.

"आबा, पुलावर ट्रॉली सोडू नका."

"मग कुठं सोडू, तुझ्या डोक्यावर? मागं रांग हाय लेका."

"आबा, पूल खचतोय."

"बरं. मी अलीकडंच थांबतो."

आम्ही पोचलो तेव्हा आबा अलीकडे थांबलेले होते. पण त्यांच्या पुढच्या चालकाची भरलेली ट्रॉली मधल्या गाळ्यावर उभी होती आणि तो चढावरून ट्रॅक्टर वळवून तिला न्यायला खाली येत होता. मी लॅपटॉप उघडला. रेघ सपाट नव्हती. हळूहळू वर सरकत होती.

मी लॅपटॉप सरांकडे दिला, पूल ओलांडून पळालो आणि पलीकडच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिलो.

"ए इंजिनेर, बाजूला हो! तुझा बाप रोज हितंच सोडतो, त्याला इचार."

"आज न्हाई सोडली," माझ्यामागून आबांचा आवाज आला. तेही धावत आले होते. "ट्रॅक्टर पुलावर घालू नको."

"मग ट्रॉली काय उचलून नेऊ?"

"व्हय. मोळी-मोळी करून."

रांगेतली माणसं कुरकुरत आली. एका वेळी दोघंच पुलावर जायचे, डोक्यावर उसाची मोळी घेऊन परतायचे. सर बांधकाम खात्याच्या साहेबांना फोन लावत होते. लॅपटॉप आता माझ्याकडे होता. दर चार मोळ्यांनी मी रेघ कुठे आहे ते ओरडून सांगत होतो. शेवटी रिकामी ट्रॉली दोर लावून बाहेर ओढली.

"उतरली का रेघ?" घाम पुसत आबांनी विचारलं.

"उतरली. पण पहिल्या जागी न्हाई आली."

त्यांनी गाळ्याकडे एकदा पाहिलं. दोन्ही ट्रॉल्या सोडवल्या, ट्रॅक्टर पुलाच्या तोंडाशी आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकली. पलीकडे त्या चालकानंही आपला ट्रॅक्टर आडवा घातला.

"साहेब येऊस्तोवर सायकलपण जायची न्हाई," आबा रांगेला म्हणाले.